टॉपमधला आकडा हलला नाही, तरी सर्व्हर पडला

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'हं' आणि चहाचे घोट होते ते काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

विश्रांतवाडीतून, आळंदी रोडच्या हॉर्नसकट, तुमचं स्वागत. नेहमीची सूचना आधीच देऊन टाकतो. लोहगावचं एखादं विमान डोक्यावरून गेलं की मी पाच सेकंद गप्प बसेन. तुमचा इअरफोन बिघडलेला नसेल, काळजी नको.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. फोन गरम होतो, लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो, कॉलेजच्या प्रोजेक्टचा सर्व्हर रात्री आपोआप बंद पडतो. मग प्रश्न येतो की नक्की कोण खातंय? एखादी चालू प्रोसेस किती सीपीयू, किती मेमरी, किती डिस्क वापरते हे मोजायचं कसं? आणि समोर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. कारण ही चूक मी एकट्यापुरती केली नव्हती, दुसऱ्याच्या नावावर ढकलली होती.

त्या रात्री काय झालं

माझी पहिली नोकरी. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आमच्याकडे चार जीबी रॅमचा एक छोटा लिनक्स सर्व्हर होता. त्यावर दोन मुख्य गोष्टी चालायच्या. एक जावातली सर्व्हिस, ती आमच्या टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने लिहिली होती. दुसरी माझी पायथनची स्क्रिप्ट, रात्री बसून डेटा तपासणारी.

रात्री दोन वाजता जावा सर्व्हिस पडली. सकाळी मी सिस्टिमचा लॉग उघडला. त्यात स्पष्ट लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, कंसात जावा, टोटल व्हीएम ९४३७१८४ केबी. म्हणजे नऊ जीबी! चार जीबीच्या मशीनवर नऊ जीबी! मी लगेच मेल लिहिला, पूर्ण टीमला, मॅनेजरला सीसी ठेवून: "सर्व्हिसमध्ये मेमरी लीक आहे, कृपया आज दुरुस्त करा."

ती तेव्हा प्रोबेशनवर होती. हे मला माहीत होतं, पण मेल पाठवताना ते डोक्यात आलं नाही.

मी कुठे चुकलो ते सांगतो, पण आधी मोजमापाचं थोडं शिकून घेऊ. नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

सीपीयू: टक्केवारी नव्हे, मीटर

तुमच्या घराबाहेर वीजमीटर आहे. तो 'आत्ता किती टक्के वीज' असं सांगत नाही. आत्तापर्यंत एकूण किती युनिट जळले तेवढंच सांगतो. बिल काढायचं तर दोन रीडिंग घ्यायची आणि वजाबाकी करायची.

लिनक्सची कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी असाच मीटर ठेवते. 'स्लॅश प्रॉक' नावाची एक फोल्डर आहे. ती डिस्कवर नसतेच, तुम्ही उघडाल तेव्हा कर्नल ती तिथल्या तिथे तयार करून देते. तिच्यात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची, म्हणजे पीआयडीची, एक फोल्डर आणि त्या फोल्डरमध्ये 'स्टॅट' नावाची फाइल. तिच्यात दोन आकडे आपल्या कामाचे. यूटाइम म्हणजे प्रोसेसने स्वतःचा कोड चालवण्यात घालवलेला वेळ. एसटाइम म्हणजे तिच्यासाठी कर्नलने काम करण्यात घालवलेला वेळ, फाइल वाचणं, नेटवर्कवर पाठवणं वगैरे. हा वेळ 'टिक'मध्ये असतो, आणि नेहमीच्या मशीनवर शंभर टिक म्हणजे एक सेकंद.

आता गणित. पहिल्या रीडिंगला दोन्ही आकड्यांची बेरीज ५०००. पाच सेकंदांनी ५२५०. फरक २५० टिक, म्हणजे अडीच सेकंद. पाच सेकंदांत अडीच सेकंद सीपीयू वापरला, म्हणून ५० टक्के. झालं! 'टॉप' ही कमांड जी टक्केवारी दाखवते ती हेच करते. थोड्या थोड्या वेळाने रीडिंग घेते आणि वजाबाकी करते.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, टॉपमध्ये ३२० टक्के दिसलं की घाबरतात. चार कोअरच्या मशीनवर एका प्रोसेसला ४०० टक्क्यांपर्यंत जागा आहे. शंभर टक्के म्हणजे एक पूर्ण कोअर.

दुसरं जास्त धोकादायक. 'पीएस' नावाची दुसरी कमांडसुद्धा सीपीयूची टक्केवारी दाखवते, पण ती प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी असते. समजा एखादी प्रोसेस दहा दिवस नुसती पडून होती आणि गेली दहा मिनिटं एक कोअर पूर्ण जाळतेय. दहा दिवस म्हणजे १४,४०० मिनिटं. त्यातली दहा मिनिटं म्हणजे ०.०७ टक्के. पीएस सांगणार, ही तर गरीब गाय आहे! आणि तिकडे पंखा ओरडतोय. दोन्ही कमांड खरंच बोलतात, फक्त वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात.

म्हणून पहिला नियम: आकडा बघितला की विचारा, हा कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंतचा?

आणि 'लोड ॲव्हरेज'? टॉपच्या अगदी वर तीन आकडे असतात, एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. ते टक्के नाहीत, ती रांग आहे. विश्रांतवाडीच्या बीआरटी स्टॉपवर उभी असलेली माणसं आणि बसमध्ये आधीच बसलेली माणसं, दोन्ही मिळून. चार कोअर आणि लोड आठ, म्हणजे साधारण चार चालतायत, चार ताटकळतायत. मात्र लिनक्समध्ये या रांगेत डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या प्रोसेससुद्धा मोजतात. टॉपमध्ये त्यांच्यापुढे 'डी' दिसतो. त्यामुळे लोड वीस आणि सीपीयू रिकामा असं चित्र दिसू शकतं. तेव्हा सीपीयूला शिव्या देऊ नका, डिस्क तपासा. बाकी बहुतेक प्रोसेसपुढे 'एस' असतो, म्हणजे झोपलेल्या. आमच्या वाडीच्या नावाला जागून, विश्रांत.

मेमरी: ब्रोशर, फ्लॅट आणि सामायिक लिफ्ट

आता खरी गोची. मेमरीचा एकच आकडा नसतो, निदान तीन असतात.

पहिला, व्हर्च्युअल. टॉपमध्ये 'व्हीआयआरटी' आणि माझ्या त्या लॉगमध्ये 'टोटल व्हीएम'. हे बिल्डरच्या ब्रोशरसारखं आहे. क्लबहाउस, तलाव, 'प्रस्तावित' रस्ता, सगळं मोजलेलं. प्रोसेसने जेवढे पत्ते राखून ठेवलेत तेवढा हा आकडा. त्यातल्या बऱ्याच जागेला रॅम मिळालेलीच नसते. जावासारख्या भाषा तर सुरुवातीलाच भरमसाट पत्ते राखून ठेवतात. त्याचा खर्च जवळपास शून्य.

दुसरा, रेसिडेंट, टॉपमध्ये 'आरईएस'. आत्ता प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेला भाग. हा खराखुरा फ्लॅट. पण यात एक खोट आहे. अनेक प्रोसेस जी पानं वाटून वापरतात, म्हणजे एकच लायब्ररी किंवा एकच डेटा, ती प्रत्येकीच्या आकड्यात पूर्णच्या पूर्ण धरली जातात. म्हणजे सोसायटीत लिफ्ट एक, फ्लॅट आठ, आणि प्रत्येक जण सांगतोय की माझ्याकडे एक लिफ्ट आहे. बेरीज केली तर आठ लिफ्ट!

तिसरा, पीएसएस. यात सामायिक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत वाटून मोजतात. लिफ्टचा खर्च आठ फ्लॅटमध्ये भागिले, मेंटेनन्सच्या पावतीवर येतो तसा. सगळ्या प्रोसेसच्या पीएसएसची बेरीज केली तरच ती खऱ्या वापराशी जुळते. हा आकडा टॉप एरवी दाखवत नाही. तो प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या फोल्डरमध्ये 'एसमॅप्स रोलअप' नावाच्या फाइलमध्ये असतो. दुसऱ्या युजरची प्रोसेस असेल तर सुडो लागतं. 'एसमेम' नावाचं छोटं टूल हेच आकडे तक्त्यात मांडून देतं.

आता परत त्या सकाळकडे जाऊ.

खरा खाणारा कोण

मेल गेल्यावर तासाभराने ती माझ्या डेस्कपाशी आली. चिडली नव्हती, निदान दाखवलं तरी नाही. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तू जो आकडा वाचलास ना, तो मी वापरलेला नाहीये. तो मी नुसता राखून ठेवलाय. त्याच ओळीत पुढचा आकडा वाच."

पुढचा आकडा होता अनॉन आरएसएस, सुमारे १.२ जीबी. तिने हीपला एक जीबीची मर्यादा घातलेली होती. वरचा थोडा जावाचा स्वतःचा खर्च. म्हणजे लीक नाही, जेवढं ठरवलं तेवढंच.

"मग उरलेले पावणेतीन जीबी कुणी खाल्ले?" मी विचारलं.

"तेच मी तुला विचारायला आलेय."

मी छातीठोकपणे सांगितलं, माझी स्क्रिप्ट नाही. कारण माझं गणित पक्कं होतं. स्क्रिप्ट आधी ३५० एमबीचा एक शब्दकोश मेमरीत भरते, मग फोर्क करून आठ वर्कर काढते. फोर्क केल्यावर लिनक्स लगेच कॉपी करत नाही. आई-प्रोसेस आणि मुलं एकच पान वाटून वापरतात. कुणी त्यावर लिहायला गेलं तरच तेवढ्या पानाची वेगळी प्रत निघते. याला 'कॉपी ऑन राइट' म्हणतात. माझे वर्कर शब्दकोश फक्त वाचत होते. म्हणजे ३५० अधिक आठ गुणिले प्रत्येकाचे स्वतःचे २०, एकूण ५१० एमबी. टॉपमध्येसुद्धा प्रत्येक वर्करचा आरईएस ३७० होता, सुरुवातीलाही आणि दोन तासांनीही. आकडा हललाच नव्हता.

तिने स्क्रिप्ट परत चालवायला लावली आणि आम्ही दर दहा मिनिटांनी पीएसएस बघत बसलो. सुरुवातीला प्रत्येक वर्करचा पीएसएस साठच्या आसपास. बरोबर होतं. ३५० भागिले नऊ जणं म्हणजे ३९, अधिक २०. मग तो चढायला लागला. नव्वद. दीडशे. दोन तासांनी सुमारे २७०. आई-प्रोसेस धरून बेरीज २.४ जीबी! तिकडे टॉपमध्ये आरईएस तसाच, ३७०.

झालं काय होतं? पायथन प्रत्येक वस्तूवर एक मोजणी लिहून ठेवतो, आत्ता किती जण हिला धरून आहेत याची. तुम्ही वस्तू नुसती वाचली तरी मोजणी वाढते आणि कमी होते. आणि मोजणी बदलणं म्हणजे मेमरीत लिहिणं. मला वाटत होतं मी वाचतोय, कर्नलच्या दृष्टीने मी लिहीत होतो. त्यामुळे एकेका पानाची प्रत निघत गेली, आठ वर्करसाठी आठ प्रती. आणि आरईएसला यात काहीच दिसत नव्हतं. सामायिक पान गेलं, त्याच्या जागी खाजगी पान आलं, त्याच्या हिशोबात दोन्ही एकच.

बेरीज करा. २.४ माझे, १.२ तिचे, ०.४ बाकी सिस्टिम. चार जीबी भरली.

मग मारली गेली ती तिची सर्व्हिस का? मेमरी संपली की कर्नलचा 'ऊम किलर' जागा होतो. तो प्रत्येक प्रोसेसला गुण देतो, मुख्यतः ती एकटी किती रॅम आणि स्वॅप धरून आहे यावरून. सगळ्यात जास्त गुण जिला, ती जाते. माझे नऊ जण प्रत्येकी छोटे दिसत होते. तिची एकटी १.२ जीबीची. घराणं माझं खादाड होतं, पण शिक्षा एकट्या धिप्पाड माणसाला झाली.

हे लक्षात ठेवा, कारण लॉगमध्ये नाव मेलेल्याचं असतं. गुन्हेगाराचं असेलच असं नाही.

दुरुस्ती साधी होती. शब्दकोश मी एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये टाकला, आठाचे चार वर्कर केले, आणि स्क्रिप्टला सिस्टिमडीमधून ८०० एमबीची मेमरी मॅक्स मर्यादा घातली. आता पडलीच तर माझीच स्क्रिप्ट पडेल, शेजाऱ्याची सर्व्हिस नाही. आणि त्या मेलला रिप्लाय ऑल करून चार ओळी लिहिल्या: लीक तिच्या कोडमध्ये नव्हती, माझ्या स्क्रिप्टने मेमरी भरली, मी चुकीचा आकडा वाचला, शोध तिने लावला. आरोप सीसीत केला होता, तर माफीसुद्धा सीसीतच गेली पाहिजे.

पुण्यातली मोठी यंत्रं आणि हाच हिशोब

तुम्ही म्हणाल, चार जीबीच्या सर्व्हरचं काय कौतुक. तर हाच हिशोब पुण्यात फार मोठ्या प्रमाणावर रोज होतो. सीडॅकची स्थापना पुण्यात १९८८ साली झाली आणि १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप जोडून त्यांनी परम ८००० उभा केला. पुढे पाषाणला आयआयटीएममध्ये हवामानासाठीचे सुपरकॉम्प्युटर उभे राहिले. २०१८ चा प्रत्युष, सुमारे ४ पेटाफ्लॉप, आणि २०२४ चा अर्क, ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं.

अशा सामायिक मशीनवर तुम्ही थेट प्रोग्रॅम चालवत नाही. स्लर्म किंवा पीबीएससारख्या शेड्युलरला आधी सांगावं लागतं: इतके कोअर, इतकी मेमरी, इतके तास. कमी सांगितलं आणि काम त्याच्या पुढे गेलं, तर ते मध्येच मारलं जातं आणि तासन्‌तासांची मेहनत वाया. भीतीपोटी दुप्पट मागितलं तर रांगेत ताटकळत बसा, आणि तुम्ही अडवलेली रिकामी मेमरी दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाही. म्हणून शहाणे विद्यार्थी आधी छोटा नमुना चालवतात, त्याची कमाल मेमरी बघतात, थोडी वाढवून मगच मागणी लिहितात.

ही सवय तुम्हाला घरीही लावता येते. लिनक्सवर कमांडच्या आधी 'स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश टाइम', मग स्पेस देऊन डॅश व्ही लिहा. प्रोग्रॅम संपल्यावर 'मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ' दिसेल, केबीमध्ये. पूर्ण पत्ता लिहा हं, कारण नुसतं 'टाइम' लिहिलं तर बॅशचं स्वतःचं टाइम चालतं, त्यात हा आकडा नसतो.

आणि तुमच्या फोनमध्ये?

आता गंमत ऐका. तुमचा अँड्रॉइड फोन माझ्या त्या स्क्रिप्टसारखंच काम करतो, फक्त शहाणपणाने. फोन सुरू होताना 'झायगोट' नावाची एक प्रोसेस सगळ्यांना लागणारा कोड आधी भरून ठेवते. मग तुम्ही उघडाल ते प्रत्येक ॲप हे झायगोटचं फोर्क केलेलं मूल असतं. सामायिक पानं सामायिकच राहतील याची तिथे काळजी घेतलेली आहे. म्हणून अँड्रॉइडच्या डेव्हलपर टूलमध्ये ॲपची मेमरी पीएसएसमध्ये मोजतात. नाहीतर तीस ॲपच्या तीस लिफ्ट झाल्या असत्या.

घरी करून बघा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. त्यात 'रनिंग सर्व्हिसेस' बघा. काही फोनमध्ये जागा थोडी इकडेतिकडे असते. तिथे फक्त बघा, बाकीची बटणं उगाच दाबू नका. टर्मक्स टाकून टॉप चालवलंत तर बहुतेक स्वतःच्याच प्रोसेस दिसतील. अँड्रॉइड ७ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या प्रोसेस बघता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

आणि एक विनंती. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप स्वाइप करून उडवू नका. मागे ठेवलेलं ॲप बहुतेक वेळा सीपीयू वापरत नाही, नुसतं रॅममध्ये पडून असतं. जागा कमी पडली तर सिस्टिम स्वतःच त्याला काढते. तुम्ही आधीच उडवलंत तर पुढच्या वेळी ते शून्यापासून उठवायला जास्त बॅटरी जाते. रिकामी रॅम ही काही बचत नाही. पंखा ओरडतोय, फोन गरम होतोय, तर रॅम नाही, सीपीयूचा मीटर बघा.

आजचं सगळं विसरलात तरी तीन प्रश्न लक्षात ठेवा. हा आकडा कुठल्या काळाचा? हा राखलेला की वापरलेला? आणि यात वाटून घेतलेलं कसं मोजलंय?

तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कुणाच्या नावाने मेल टाकू नका.

तुमच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर सगळ्यात जास्त कोण खातंय ते मोजून मला कळवा. आकडा पाठवाल तेव्हा तो तिघांतला कुठला, तेही लिहा हं! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.